दर टेस्टला कोरी पाटी: डेटाबेस पूर्ववत कसा करायचा

टेस्ट एकटी चालवली की पास होते. सगळ्या टेस्ट एकत्र चालवल्या की तीच फेल. पुन्हा एकटी चालवा, पुन्हा पास. ऑटोमेटेड टेस्ट लिहायला लागून थोडे दिवस झाले की हा अनुभव येतोच, आणि पहिल्यांदा आला की माणूस आपल्याच कोडकडे संशयाने बघायला लागतो. बहुतेक वेळा कोड निर्दोष असतो. आधीच्या कुठल्या तरी टेस्टने डेटाबेसमध्ये काही तरी मागे ठेवलेलं असतं आणि तुमची टेस्ट त्याला अडखळते.

बोलायला सोपं जावं म्हणून ग्रंथालयाचं एक छोटं अ‍ॅप धरू. तीन टेबलं: सभासद, पुस्तके आणि देवघेव. देवघेवच्या प्रत्येक ओळीत सभासदाचा आयडी आणि पुस्तकाचा आयडी, म्हणजे दोन फॉरेन की, दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारे कॉलम. पहिली टेस्ट म्हणते, ‘नवा सभासद नोंदवला की सभासद टेबलात १ ओळ असावी.’ दुसरी म्हणते, ‘त्याच ईमेलने पुन्हा नोंदणी केली तर नकार यावा.’ दुसरी आधी चालली तर तिने नोंदवलेला सभासद तिथेच बसून राहतो आणि पहिलीला १ ऐवजी २ ओळी दिसतात. दोन्ही टेस्ट आपापल्या जागी बरोबरच आहेत. फक्त मधल्या वेळात पाटी कोणी पुसली नाही.

ती पुसायच्या तीन-चार रीती आहेत. प्रत्येकीची आपली एक खोड आहे, आणि नव्या माणसाचा वेळ जातो तो त्या खोडी कळेपर्यंत. म्हणून रीतींपेक्षा खोडींवर जरा जास्त बोलणार आहे.

पायरी १: आधी खात्री करून घ्या

टेस्टचा क्रम उलटसुलट करून चालवा. पायथॉनच्या पायटेस्टसाठी पायटेस्ट-रँडमली नावाचा प्लगइन आहे, रुबीच्या आरस्पेकमध्ये रँडम ऑर्डरची सोय आधीपासूनच आहे. दोन्ही ठिकाणी त्या वेळच्या क्रमाचा सीड नंबर छापून येतो. टेस्ट फेल झाली की आधी तो नंबर टिपून ठेवा, कारण तो पुन्हा दिला की तोच क्रम पुन्हा मिळतो. आरस्पेकला बायसेक्ट हा पर्याय दिला तर कुठल्या टेस्टमुळे कुठली टेस्ट पडते ती किमान जोडी तोच शोधून देतो. माझ्या मते ही सोय फार कमी लोक वापरतात.

दुसरी तपासणी याहून सोपी. डेटाबेस नव्याने न बनवता सगळ्या टेस्ट लागोपाठ दोनदा चालवा. पहिल्या फेरीत सगळं हिरवं आणि दुसऱ्या फेरीत लाल दिसलं तर नक्की काही तरी मागे राहतंय.

इथे एक मोह होतो, तो आत्ताच सांगून टाकतो. ‘१ ओळ असावी’ ऐवजी ‘ओळी १ ने वाढाव्यात’ असं लिहिलं की टेस्ट पास होते आणि आपण पुढे सरकतो. असं लिहिणं वाईट नाही, पण त्याने गळती बंद होत नाही, नुसती झाकली जाते. दुसरा मोह म्हणजे प्रत्येक टेस्टच्या शेवटी आपणच केलेल्या नोंदी हाताने डिलीट करायच्या. टेस्ट मध्येच पडली तर त्या ओळींपर्यंत ती पोचतच नाही, आणि उद्या कोडने आणखी एका टेबलात लिहायला सुरुवात केली तर तिथली साफसफाई करायची आठवण कोणालाच राहत नाही.

पायरी २: टेस्टचा डेटाबेस वेगळा, आणि दारावर पहारा

साफसफाईचं कोड म्हणजे सगळा डेटा उडवणारं कोड. ते चुकीच्या डेटाबेसवर चाललं तर काय होतं, हे मी एकदा पाहिलंय. टीममध्ये सगळे मिळून वापरत असलेल्या डेटाबेसचा पत्ता माझ्या टर्मिनलच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये राहून गेला होता. मी नेहमीसारख्या टेस्ट चालवल्या, सगळ्या पास झाल्या, आणि दोन मिनिटांनी शेजारून आवाज आला, ‘अरे, सगळे रेकॉर्ड कुठे गेले?’

तेव्हापासून माझ्या साफसफाईच्या फंक्शनची पहिली ओळ एकच असते. जोडलेल्या डेटाबेसचं नाव विचारा, ते ‘_टेस्ट’ने संपत नसेल तर तिथेच एरर देऊन थांबा. नाव कॉन्फिगरेशनमधून वाचू नका, प्रत्यक्ष कनेक्शनला विचारा. कॉन्फिगरेशन काय म्हणतं आणि आपण खरोखर कुठे जोडलेलो आहोत यात फरक पडू शकतो. जमलं तर टेस्टसाठी डेटाबेसचा वेगळा यूजर ठेवा आणि त्याला बाकी कुठल्याच डेटाबेसचा अधिकार देऊ नका. जँगो (पायथॉनचा वेब-फ्रेमवर्क) स्वतःच ‘टेस्ट_’ असा उपसर्ग लावून वेगळा डेटाबेस बनवतो, त्यामुळे तिथे हा धोका बराच कमी आहे.

डेटाबेस वेगळा म्हणजे जात वेगळी नव्हे. प्रॉडक्शनला पोस्टग्रेस आणि टेस्टला वेगासाठी मेमरीतलं एसक्यूलाइट, ही जोडी खूप ठिकाणी दिसते. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते, प्रत्येक कनेक्शनवर प्रॅग्मा ही सेटिंगची आज्ञा देऊन ती सुरू करावी लागते. १० अक्षरांची मर्यादा घातलेल्या कॉलममध्ये ते ५० अक्षरंही निमूट ठेवून घेतं. शिवाय मेमरीतला डेटाबेस साधारणपणे एकेका कनेक्शनपुरता असतो. दुसरं कनेक्शन उघडलं की समोर रिकामा, वेगळाच डेटाबेस. अशा टेस्ट पास झाल्या तर त्यावर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. आता डॉकरमध्ये खरा पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल काही सेकंदांत उभा राहतो, टेस्टकंटेनर्ससारखी लायब्ररी तर तो टेस्टच्या कोडमधूनच उभा करते आणि मोडते. त्यामुळे वेगळ्या जातीचा डेटाबेस वापरायला आता फारसं कारण उरलेलं नाही.

पायरी ३: टेबलं एकदाच बांधा, डेटा दर टेस्टला बदला

नवखे लोक बऱ्याचदा दर टेस्टआधी सगळा डेटाबेस पाडून सगळी मायग्रेशन, म्हणजे टेबलं बांधणाऱ्या-बदलणाऱ्या फाइली, पुन्हा चालवतात. हे अचूक आहे, पण फार हळू आहे. मायग्रेशनला ३ सेकंद लागत असतील आणि टेस्ट ४०० असतील तर नुसत्या बांधकामातच २० मिनिटं जातात.

टेबलं, इंडेक्स, कन्स्ट्रेंट हा झाला सांगाडा. टेस्ट चालू असताना तो बदलत नाही, म्हणून तो सुरुवातीला एकदाच बांधायचा. टेस्टगणिक बदलतात त्या फक्त ओळी, आणि पूर्ववत करायचं ते तेवढंच.

मधली एक जात मात्र लक्षात ठेवा: ज्याच्याशिवाय अ‍ॅप चालतच नाही असा संदर्भ-डेटा. आपल्या अ‍ॅपमध्ये सभासदत्वाचे प्रकार किंवा पुस्तकांचे विषय. हा बहुधा मायग्रेशनमधूनच भरलेला असतो. तो सांगाड्याचा भाग समजा आणि साफसफाईतून वगळा. तसंच मायग्रेशनची नोंद ठेवणारं टेबलही वगळा. ते रिकामं झालं की पुढच्या वेळी फ्रेमवर्कला वाटतं की एकही मायग्रेशन झालेलं नाही, तो सगळी पुन्हा चालवायला जातो आणि ‘टेबल आधीच आहे’ म्हणून आपटतो.

पायरी ४: रोलबॅक

ही रीत सर्वांत वेगवान, आणि सुरुवात इथूनच करा. कल्पना अगदी साधी आहे. टेस्ट सुरू व्हायच्या आधी ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होणाऱ्या बदलांचा गट) उघडायचं, टेस्टला त्याच्या आत हवं ते करू द्यायचं, आणि शेवटी कमिट, म्हणजे पक्कं, न करता रोलबॅक करायचं, म्हणजे सगळं मागे घ्यायचं. काय काय लिहिलं गेलं याची यादी ठेवावी लागत नाही, कुठलं टेबल आधी पुसायचं याचाही विचार नको.

हाताने करायचं झालं तर क्रम असा:

टेस्टआधी: कनेक्शन घ्या, बिगिन द्या, आणि हेच कनेक्शन अ‍ॅपच्या कोडला वापरायला द्या.
टेस्ट: नेहमीसारखी.
टेस्टनंतर: रोलबॅक द्या, कनेक्शन परत करा.

मधलं ‘हेच कनेक्शन’ विसरलं की सगळं फसतं. कोडने पूलमधून, म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यातून, दुसरं कनेक्शन घेतलं तर त्याचं लिखाण तुमच्या ट्रान्झॅक्शनच्या बाहेर होतं आणि रोलबॅक त्याला शिवतही नाही.

बहुतेक फ्रेमवर्कमध्ये हे तयारच मिळतं. जँगोचा टेस्टकेस हा वर्ग, रेल्समधल्या ट्रान्झॅक्शनल टेस्ट, स्प्रिंगमध्ये टेस्टवर लावलेलं ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशन, लारावेलचं रीफ्रेशडेटाबेस, हे सगळे आतून तेच करतात. जँगो, रेल्स आणि लारावेलमध्ये कोडच्या आतही ट्रान्झॅक्शन उघडलं जात असेल तर त्याच्या जागी सेव्हपॉइंट, म्हणजे मधेच परत येता येईल अशी खूण, टाकला जातो, त्यामुळे आतला रोलबॅक तेवढ्यापुरताच राहतो.

आता खोडी. रोलबॅकमध्ये तुमचं कोड अशा जगात चालतं जिथे कमिट कधी होतच नाही. या एका गोष्टीतून पुढची सगळी गंमत निघते.

पहिली खोडी वेळेची. पोस्टग्रेसमधलं ‘नाऊ’ हे फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, त्या क्षणाची नव्हे. सगळी टेस्टच एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालली आणि नोंदीची वेळ डेटाबेसच भरत असला तर टेस्टमध्ये केलेल्या पाचही देवघेव नोंदींची वेळ मायक्रोसेकंदापर्यंत एकच येते. ‘सर्वांत अलीकडची देवघेव वर दिसावी’ अशी टेस्ट मग कधी पास होते, कधी फेल, आणि आपण उगाच सॉर्टिंगचं कोड तपासत बसतो. उपाय म्हणजे अशा टेस्टमध्ये वेळ स्वतः भरा. क्लॉक_टाइमस्टॅम्प हे फंक्शन प्रत्यक्ष घड्याळ सांगतं, पण केवळ टेस्टसाठी प्रॉडक्शनचं डिफॉल्ट बदलू नका.

दुसरी, आयडीची. रोलबॅकने ओळी जातात, पण सीक्वेन्स (आयडीचे आकडे देणारा मोजक) मागे येत नाही. पोस्टग्रेसमध्ये सीक्वेन्सने एकदा दिलेला आकडा परत घेतला जात नाही, मायएसक्यूएलच्या ऑटो इन्क्रिमेंटचंही तेच. म्हणजे तुमची टेस्ट पहिली चालली तर सभासदाचा आयडी १, नंतर चालली तर ५७. हा दोष नव्हे, ते असंच असायला हवं. ‘सभासद आयडी १’ असं टेस्टमध्ये लिहू नका, नोंद तयार करा आणि तिचा जो आयडी येईल तो वापरा. सीक्वेन्स पुन्हा १ वर आणायची धडपड करणारी टेस्ट दिसली की मला आधी ती टेस्टच बदलावीशी वाटते.

तिसरी खोडी कमिटनंतर घडणाऱ्या कामांची. नोंदणी पक्की झाल्यावर ईमेल पाठवायचा, असं काम बरेचदा कमिटनंतरच्या हुकवर (कमिट झाला की आपोआप चालणाऱ्या कोडवर) टांगलेलं असतं. कमिटच नाही म्हटल्यावर हुक चालत नाही, ईमेल जात नाही, आणि टेस्ट फेल. त्याहून वाईट म्हणजे ‘ईमेल जाऊ नये’ अशी टेस्ट असेल तर ती भलत्याच कारणाने पास होते! जँगोमध्ये ३.२ आवृत्तीपासून असे कॉलबॅक पकडून चालवायची सोय आहे. रेल्स ५ पासून ट्रान्झॅक्शनल टेस्टमध्येही ते चालवतं. तुमच्या फ्रेमवर्कमध्ये काय होतं ते एक छोटी टेस्ट लिहून बघून घ्या.

चौथी, उशिरा होणाऱ्या तपासण्यांची. काही फॉरेन की ‘डिफर्ड’ असतात, त्यांची तपासणी कमिटच्या वेळी होते. रोलबॅक केला तर ती होतच नाही, आणि अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाची देवघेव नोंदवणारं कोडही पास होतं. जँगो टेस्टच्या शेवटी मुद्दाम ही तपासणी करून घेतो, पण सगळीकडे ती होते असं समजू नका. हायबरनेटसारख्या ओआरएममध्ये (कोडमधल्या वस्तू आणि टेबलं यांची सांगड घालणाऱ्या लायब्ररीत) आणखी एक पाऊल आधीच हे घडू शकतं. बदल मेमरीतच साचलेले असतात, फ्लश झालेला नसतो, आणि टेस्ट संपेपर्यंत इन्सर्ट डेटाबेसपर्यंत पोचलेलाच नसतो. अशा टेस्टमध्ये तपासण्याआधी हाताने फ्लश करा.

पाचवी पोस्टग्रेसवाल्यांसाठी. ट्रान्झॅक्शनमध्ये एक एरर आली की पुढची प्रत्येक क्वेरी ‘ट्रान्झॅक्शन अबॉर्ट झालं आहे’ असं म्हणून नाकारली जाते. आपली ‘त्याच ईमेलने पुन्हा नोंदणी’ची टेस्ट इथेच अडकते. युनिक कन्स्ट्रेंट मोडल्याची एरर आपल्याला हवीच आहे, पण त्यानंतर सभासद मोजायला गेलो की दार बंद. एरर येणारा भाग सेव्हपॉइंटच्या आत ठेवा, म्हणजे तेवढाच मागे जाईल.

सहावी मायएसक्यूएलची. तिथे टेबल बनवणं, कॉलम जोडणं, ट्रंकेट करणं या आज्ञा न विचारता कमिट करून टाकतात. टेस्टमध्ये एखादी अशी आज्ञा चालली की तोवरचं सगळं पक्कं होतं आणि शेवटचा रोलबॅक पोकळ ठरतो. एररही येत नाही, त्यामुळे ही चूक सापडायला फार वेळ जातो.

आणि सर्वांत मोठी खोडी दुसऱ्या कनेक्शनची. ब्राउझर चालवून केलेल्या टेस्टमध्ये अ‍ॅपचा सर्व्हर वेगळ्या थ्रेडमध्ये किंवा वेगळ्या प्रोसेसमध्ये असतो, त्याचं कनेक्शन वेगळं. तुमच्या टेस्टने ट्रान्झॅक्शनमध्ये बनवलेला सभासद कमिट झालेला नसतो, म्हणून सर्व्हरला तो दिसत नाही. लॉगिनचं पान ‘असा सभासद नाही’ म्हणतं आणि तुम्ही पासवर्ड तपासत बसता. बॅकग्राउंड जॉब चालवणाऱ्या वर्करचंही हेच. रेल्सने ५.१ पासून सिस्टिम टेस्टमध्ये टेस्टचा आणि सर्व्हरचा थ्रेड एकाच कनेक्शनवर आणून हे सोडवलंय. जँगोचा लाइव्हसर्व्हरटेस्टकेस रोलबॅकच्या वाटेला न जाता टेबलं रिकामी करतो. स्प्रिंगमध्ये खरा सर्व्हर पोर्टवर उभा केला तर टेस्टवरचं ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशन सर्व्हरच्या लिखाणाला लागू होत नाही, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

खोडींची यादी लांबली म्हणून घाबरू नका. साध्या टेस्टना यातल्या बहुतेक कधी भेटतही नाहीत. त्या सगळ्या रोलबॅकवर ठेवा, आणि ज्यांना खरा कमिट लागतो तेवढ्याच पुढच्या पायरीवर न्या.

पायरी ५: टेबलं रिकामी करणे

कमिट झाला म्हणजे ओळी खरोखर पुसाव्या लागणार. त्यासाठी दोन हत्यारं आहेत: डिलीट आणि ट्रंकेट.

डिलीटला क्रम लागतो. देवघेव आधी, मग सभासद आणि पुस्तके. उलट केलं तर फॉरेन की अडवते. तीन टेबलं असताना हा क्रम हाताने लिहिता येतो, साठ झाली की नाही. डॉटनेटमधली रिस्पॉन ही लायब्ररी फॉरेन की वाचून क्रम स्वतःच काढते, रुबीत डेटाबेस क्लीनर आहे. आपलं स्वतःचं लिहायचं असेल तर टेबलांची यादी डेटाबेसच्या कॅटलॉगमधून काढा, हाताने लिहिलेली यादी नको. नवं टेबल आलं की ते यादीत घालायचं राहून जातंच.

ट्रंकेट ओळी एकेक करून पुसत नाही, टेबलच रिकामं करतं. पोस्टग्रेसमध्ये एकाच आज्ञेत सगळी टेबलं देता येतात, त्यामुळे क्रमाचा प्रश्न उरत नाही. सीक्वेन्सही १ पासून हवा असेल तर ‘रीस्टार्ट आयडेंटिटी’ जोडावं लागतं. नाही जोडलं तर तो तसाच पुढे चालतो. ‘कॅस्केड’ मात्र जपून वापरा. ज्या टेबलाला तुम्ही रिकामं करता त्याच्याकडे बोट दाखवणारी सगळी टेबलं त्याच्यासोबत जातात. सभासदत्वाचे प्रकार ठेवणारं टेबल कॅस्केडने रिकामं केलं की सभासद गेले, आणि सभासदांमागोमाग देवघेव. मायएसक्यूएलमध्ये दुसऱ्या टेबलाची फॉरेन की ज्याच्याकडे येते ते टेबल ट्रंकेट होतच नाही, त्यासाठी फॉरेन कीची तपासणी तात्पुरती बंद करावी लागते. बंद केल्यावर चालू करायला विसरू नका. कनेक्शन पूलमध्ये तसंच परत गेलं तर पुढच्या टेस्ट तपासणीविनाच धावतील. एसक्यूलाइटमध्ये ट्रंकेट ही आज्ञाच नाही, अटीविना डिलीट दिलं की ते आतून तसंच झटपट पुसतं.

‘ट्रंकेट नेहमी वेगवान’ हे आपण मोठ्या टेबलांवरून शिकलेलो असतो. टेस्टच्या टेबलात तीन-चार ओळी असतात. पोस्टग्रेसमध्ये ट्रंकेटचा खर्च ओळींवर अवलंबून नसतो, प्रत्येक टेबलामागे ठरलेला असतो, त्यामुळे इतक्या छोट्या टेबलांवर डिलीट बऱ्याचदा पुढे जातं. दोन्ही मोजून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

ट्रंकेटवर सगळं लटकून राहिलं, पडद्यावर काहीच हलेना, तर कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. पोस्टग्रेसमध्ये ट्रंकेटला टेबलावर संपूर्ण एकाधिकार हवा असतो, आणि कुठल्या तरी थ्रेडने ट्रान्झॅक्शन उघडं टाकून दिलेलं असतं. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी बघा, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशा अवस्थेतलं कनेक्शन हाच गुन्हेगार. ते कोण उघडं सोडतंय ते शोधा. टाइमआउट वाढवून काही साधणार नाही.

पायरी ६: आधी पुसायचं की नंतर

रोलबॅक अर्थातच नंतर होतो. टेबलं रिकामी करायची असतील तर टेस्टच्या आधी करा. नंतर पुसायचं ठरवलं आणि प्रोसेस मध्येच मेली, किंवा तुम्हीच कंट्रोल-सी दाबलं, तर घाण पुढच्या फेरीला मिळते. आधी पुसणाऱ्या टेस्टला मागे काय झालं याच्याशी देणंघेणं नसतं. शिवाय फेल झालेली टेस्ट एकटी चालवली तर तिचा डेटा डेटाबेसमध्ये तसाच राहतो, आत जाऊन बघता येतो. मला हा दुसरा फायदा जास्त मोलाचा वाटतो.

यात एक फट आहे. आधी पुसणाऱ्या टेस्टनंतर रोलबॅकवाली टेस्ट आली तर तिला मागचा कचरा मिळणार. म्हणून दोन्ही प्रकार एकत्र वापरताना रोलबॅकवाल्या आधी चालवा, पुसणाऱ्या नंतर. जँगो हाच क्रम स्वतःहून पाळतो. ते जमत नसेल तर पुसणाऱ्या टेस्टना आधी आणि नंतर दोन्हीकडे पुसायला लावा.

पायरी ७: साच्यातून नवा डेटाबेस

प्रत्येक टेस्टला भरपूर तयार डेटा लागत असेल, उदाहरणार्थ हजारो पुस्तकांवरचा शोध, तर दर वेळी पुसून पुन्हा भरणं महाग पडतं. पोस्टग्रेसमध्ये एक डेटाबेस साचा म्हणून भरून ठेवता येतो आणि नवा डेटाबेस बनवताना ‘टेम्प्लेट’ म्हणून त्याचं नाव देता येतं. नक्कल होताना साच्याला दुसरं एकही कनेक्शन जोडलेलं चालत नाही, तेवढं सांभाळा. कनेक्शन पूल इथे हमखास आडवा येतो. जुना डेटाबेस उडवताना त्याला कोणी चिकटून बसलं असेल तर १३ व्या आवृत्तीपासून ‘फोर्स’ देऊन सगळ्यांना बाहेर काढता येतं. एसक्यूलाइटमध्ये हेच काम म्हणजे एका फाइलची कॉपी.

दर टेस्टला ही रीत सहसा परवडत नाही. दर फाइलला किंवा दर वर्करला (समांतर टेस्ट चालवणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला) मात्र उत्तम.

पायरी ८: समांतर टेस्ट

चार वर्कर एकाच डेटाबेसवर सोडले आणि त्यातला एक टेबलं रिकामी करत असला, तर बाकी तिघांच्या पायाखालची जमीन जाते. इथे हुशारी नको, प्रत्येक वर्करला आपापला डेटाबेस द्या. जँगो समांतर चालवताना डेटाबेसच्या क्रमांक लावलेल्या प्रती स्वतः बनवतो. पायटेस्टच्या एक्सडिस्टमध्ये वर्करला ‘जीडब्ल्यू०’, ‘जीडब्ल्यू१’ अशी नावं मिळतात, जेस्टमध्ये वर्करचा क्रमांक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये असतो. तो शेपूट म्हणून डेटाबेसच्या नावाला जोडला की झालं. पायरी २ मधल्या पहाऱ्याला हे शेपूट मान्य आहे ना, ते मात्र बघा. नाही तर पहारेकरी आपल्याच माणसाला दारात अडवेल.

पुसताच येणार नाही असा डेटाबेस वाट्याला आला, जसा अनेक टीम मिळून वापरतात तो, तर उलटी रीत घ्या. काही पुसायचं नाही, पण प्रत्येक टेस्टने आपला वेगळा सभासद यादृच्छिक ईमेलने बनवायचा आणि फक्त त्याच्याच नोंदी तपासायच्या. एकूण मोजणी, ‘सर्वांत अलीकडचा’ असले प्रश्न अशा टेस्टमध्ये विचारायचे नाहीत.

पायरी ९: डेटाबेसच्या बाहेरचं

रोलबॅक डेटाबेसपुरता असतो. रेडिसमधला कॅशे, डिस्कवर टाकलेल्या फाइली, सर्च इंडेक्स, जॉबची रांग, आणि प्रोसेसच्या मेमरीत ठेवलेली ‘एकदाच वाचलेली’ यादी, या कशालाच तो पोचत नाही. सभासदाचं नाव आयडीनुसार कॅशेत ठेवलं असेल आणि तुम्ही आयडी दर वेळी १ वरून सुरू करत असाल, तर नव्या सभासदाला मागच्या टेस्टमधलं नाव चिकटतं. रेडिससाठी फ्लशडीबी वापरा, फ्लशऑल नको; दुसरी आज्ञा त्या सर्व्हरवरचे सगळेच डेटाबेस रिकामे करते. रेडिसमध्ये मुळात १६ क्रमांकित डेटाबेस असतात, त्यातला एकेक वर्करला वाटून देता येतो. फाइलींसाठी दर टेस्टला नवा तात्पुरता फोल्डर.

पायरी १०: गळती शोधणारा पहारेकरी

जुना, मोठा टेस्टचा पसारा हाती आला असेल तर वरचं सगळं एका दिवसात बसवता येत नाही, आणि गळती कुठून होते तेही कोणाला माहीत नसतं. तेव्हा मी एक छोटं फंक्शन लिहितो. सुरुवातीला, सांगाडा आणि संदर्भ-डेटा भरून झाल्यावर, ते प्रत्येक टेबलातल्या ओळी मोजून ठेवतं. मग प्रत्येक टेस्ट संपून तिची साफसफाई झाली की पुन्हा मोजतं आणि फरक दिसला तर त्या टेस्टचं आणि टेबलाचं नाव छापतं. मोजणी टेस्टच्या कनेक्शनवरून नको, वेगळं कनेक्शन उघडून करा. जे खरोखर कमिट झालंय तेच त्याला दिसतं. पुसणाऱ्या टेस्ट आधी पुसत असतील तर त्यांची नावं यादीत येणारच, ती सोडून द्या.

याने टेस्ट हळू होतात, म्हणून ते कायमचं चालू ठेवत नाही. एक फेरी चालवायची, आलेली यादी टेबलानुसार लावायची. बहुतेक वेळा पन्नास नावांमागे दोन-तीनच कारणं निघतात: एखादं सामायिक फिक्श्चर (टेस्टसाठी आधी करून ठेवलेली तयारी) जे वर्गाच्या पातळीवर, ट्रान्झॅक्शन उघडायच्या आधीच नोंदी करतं, एखादी सेवा जी स्वतःचं कनेक्शन उघडते, आणि एखादा बॅकग्राउंड थ्रेड जो टेस्ट संपल्यावरही लिहीत राहतो. फिक्श्चरपासून सुरुवात करा, ते दुरुस्त करायला सर्वांत सोपं असतं आणि यादी बरीच आखडते. मग पुन्हा फेरी चालवा. थ्रेडचं सर्वांत शेवटी घ्या, कारण त्याचं नाव दर फेरीत वेगळ्याच टेस्टसमोर छापलं जातं आणि बाकीची यादी लहान झाल्याशिवाय ते ओळखू येत नाही.